ती शाळा कुणाची होती? सफ्फूरियाच्या मागे घालवलेली चार वर्षं

निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, आमच्या वसईच्या धर्मग्रामातल्या मंडळींबरोबर पवित्रभूमीच्या, म्हणजे इस्रायल-पॅलेस्टाइनच्या, यात्रेला गेले. सेहेचाळीस माणसं, अकरा दिवस, माणशी एक लाख दहा हजार रुपये. व्हिसा, बस, जेवण सगळं यात्रा कंपनीकडे. आपण फक्त सकाळी पावणेसहाला उठून बॅग दाराबाहेर ठेवायची.

पाचव्या दिवशी नाझरेथ झालं. मग काना, येशू लग्नाला गेला होता ते गाव; तिथे जोडप्यांनी लग्नाची वचनं पुन्हा घेतली, आमच्यासारख्या एकट्या बायकांनी फोटो काढले. परतीच्या वाटेवर बस एका टेकडीवर थांबली. नाझरेथपासून सहाएक किलोमीटर. फलकावर ‘त्सिप्पोरी राष्ट्रीय उद्यान’. फादर म्हणाले, मारियामातेचे आईवडील, संत अन्ना आणि संत ज्योकिम, इथले, अशी परंपरा आहे. गाइडने पन्नास मिनिटं दिली. त्यात रोमन काळातला एक वाडा पाहिला. त्याच्या जमिनीवर बारीक रंगीत दगडांनी रेखलेला एका बाईचा चेहरा आहे, १९८७ साली सापडलेला, त्याला ‘गालीलची मोनालिसा’ म्हणतात; गालील म्हणजे हाच मुलूख. शेवटी माथ्यावरची चौकोनी दगडी गढी. खालचे थर क्रुसेडच्या, म्हणजे युरोपीय ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या, काळातले, कोपऱ्यांना चक्क रोमन दगडी शवपेट्या चिणलेल्या, वरचं बांधकाम अठराव्या शतकातलं, गालीलचा तेव्हाचा अरब सत्ताधीश झाहिर अल-उमर याच्या अमदानीतलं. गाइड पाठ केल्यासारखं म्हणाला, “वरच्या मजल्यावर १९४८ पर्यंत शाळा भरायची.”

चौतीस वर्षं इतिहास शिकवल्यावर माणूस असा प्रश्न विचारतोच. म्हटलं, “कुणाची शाळा?”

“इथल्या लोकांची.”

“ते कुठे गेले?”

“मॅडम, बसला उशीर होतोय.”

त्याला दोष देत नाही. सेहेचाळीस माणसांना वेळेवर हॉटेलात पोहोचवायचं काम साधं नसतं. पण आजूबाजूला पाइनची झाडं, पलीकडे टुमदार घरं, आणि शाळेला पोरं पुरवील असं गाव कुठेच नाही. हे डोक्यात घेऊनच मी वसईला आले. पुढे चार वर्षं त्यात, त्या टेकडीवरच्या सफ्फूरिया नावाच्या गावाच्या शोधात गेली. ज्यांना अशा एखाद्या पुसल्या गेलेल्या गावाचा माग काढायचाय आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

डिसेंबरमध्ये पुतण्याने कॉम्प्युटर लावून दिला. मी ‘सेफोरिस’ टाकलं, कारण माहितीपत्रकात त्या टेकडीचं तेच नाव होतं. ढीगभर सापडलं. येशूच्या काळातला गालीलचा शासक हेरोद अँटिपस याने हे शहर पुन्हा उभारलं, ज्यू इतिहासकार जोसेफसने त्याला ‘सगळ्या गालीलचा अलंकार’ म्हटलं, इ.स. ६६ च्या ज्यू बंडात शहर रोमच्या बाजूने राहिलं आणि वाचलं. पुढे यहुदा हा-नासी हे धर्मपंडित इथे राहायला आले आणि इ.स. २०० च्या सुमाराला ‘मिश्ना’ हा ज्यू धर्मशास्त्राचा पायाभूत ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. ३६३ साली भूकंप. ११८७ च्या उन्हाळ्यात क्रुसेडरांची फौज इथल्याच झऱ्यांपाशी जमली, इथून हत्तीन या ठिकाणाकडे निघाली आणि तिथे सुलतान सलाहुद्दीनने तिचा निकाल लावला. त्यानंतर लेख थेट १९३१ च्या उत्खननावर येत होते. मधली साडेसातशे वर्षं दोन वाक्यांत. शाळेचं नावच नाही.

पंधरा दिवस असेच गेले. मग माझी मलाच थप्पड मारावीशी वाटली. वसईच्या मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले की आपल्या गावाचे जुने कागद शोधायचे तर ‘वसई’ टाकून काही मिळणार नाही, इंग्रजांचं ‘बसीन’ आणि पोर्तुगीजांचं ‘बसाईं’ टाका. आणि इथे मीच रोमन नाव धरून बसले होते.

वहीचं पहिलं पान त्या नावांना दिलं. ग्रीक-लॅटिन: सेफोरिस. उत्तर रोमन काळ: डायोसिझेरिया. हिब्रू: त्सिप्पोरी. क्रुसेडर: ल सफोरी. ब्रिटिश नकाशे: सेफ्फुरिये, सफ्फुरिया. अरबी: सफ्फूरिया. शेवटचं नाव टाकलं आणि गाव समोर आलं. म्हणून पहिली सूचना हीच: जे शेवटी तिथे राहत होते, ते गावाला काय म्हणायचे ते आधी शोधा. आपण ज्या नावाने हाक मारू, तेवढाच काळ ओ देतो.

२०१९ चं वर्ष आकड्यांत आणि नकाशांत गेलं. मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात पॅलेस्टाइन सर्व्हेचे, म्हणजे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या त्या मुलखाच्या मोजणीचे, खंड असल्याचं कळलं. पत्र, दोन फोटो, आधारची प्रत, परतीची अनामत रक्कम, आणि ‘ओळखीच्या सभासदाची सही’. सही मिळवायला तीन आठवडे. मग शनिवारची लोकल पकडून गेले तर हवा तो पहिला खंड ‘बाइंडिंगला’ गेलेला. तीन महिन्यांनीही तो तिथेच होता. पुतण्याला सांगितलं तर त्याने दहा मिनिटांत तो खंड इंटरनेटवर फुकट काढून दिला. जुनी, मुदत संपलेली पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतेय. आधी तिथे बघा, मग लोकल पकडा.

त्या सर्व्हेत गंमत सापडली. गालीलची मोजणी १८७७ साली ज्या तरुण इंजिनियर अधिकाऱ्याने पुरी केली, तो किचनर. तोच पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि लॉर्ड कर्झनशी भांडला. दहावीच्या मुलांना मी कर्झन शिकवायचे, पण हा माणूस आधी सफ्फूरियाच्या टेकडीवर दुर्बीण लावून उभा असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग खानेसुमारी. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख ब्रिटिशांच्या ताब्यात होता. त्यांनी पॅलेस्टाइनची खानेसुमारी दोनदा केली, १९२२ आणि १९३१. दोन्हींचे गाववार तक्ते मिळतात. सफ्फूरिया: १९२२ मध्ये २,५८२ माणसं, १९३१ मध्ये ३,१४७ माणसं आणि ७४७ घरं. १९४५ च्या ग्रामसांख्यिकीत ४,३३०. जवळपास सगळे मुसलमान, आठ-दहा ख्रिस्ती. जमीन ५५,३७८ दुनम. हा ‘दुनम’ मला सुरुवातीला फार छळायचा. सोपं आहे: त्या काळच्या हिशेबाने एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले जवळजवळ दहा गुंठे. चार दुनमांचा एक एकर धरा. म्हणजे गावाची शीव सुमारे तेरा हजार सातशे एकरांची. गावठाण १०२ दुनम, पंचवीसेक एकर. एवढं मोठं गाव. आणि बसमधून उतरलेल्या सेहेचाळीस जणांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

नकाशांसाठी ‘पॅलेस्टाइन ओपन मॅप्स’ नावाचं संकेतस्थळ आहे. १९४० च्या दशकातले ब्रिटिश नकाशे आणि आजचा नकाशा एकावर एक ठेवून बघता येतो. मला पडद्यावर जमेना. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री आकाराचे रंगीत प्रिंट काढले, वीस रुपयाला एक, असे एकंदर चौदा. त्यावर ट्रेसिंग पेपर. गढी हा एकच बिंदू दोन्हींत पक्का, तो जुळवला की दक्षिणेच्या उतारावरची घरं, वाटा, विहिरी, खालच्या बाजूचे झरे सगळं जागेवर बसतं. गाव नेमकं कुठे होतं ते मला त्या रात्री, आमच्या जेवणाच्या टेबलावर दिसलं. उद्यानाच्या वाहनतळापासून पाइनच्या बनापर्यंत. आमची बस ज्या उतारावर वळली तो घरांचा उतार.

इथे एक आडवळण घेते. आपल्याकडे पैठण, नेवासे, तेर ही गावं जुन्या पांढरीवर बसलेली आहेत. घराचा पाया खणताना सातवाहनांची खापरं निघतात, आणि लोक ती बाजूला ठेवून भिंत बांधतात. पुरातत्त्ववाल्यांना याची पंचाईत होते, कारण वर माणसं राहतात. सफ्फूरियालाही तसंच होतं. १९३१ च्या उन्हाळ्यात मिशिगन विद्यापीठाच्या लिरॉय वॉटरमन यांनी पहिलं उत्खनन केलं. गढीशेजारी, म्हणजे शाळेशेजारीच, रोमन नाट्यगृह लागलं. त्या मोहिमेचे फोटो पाहायला मिळतात. खंदकातून माती काढायला गावचेच मजूर. शाळेतली पोरं काठावर उभी राहून बघत असणार, असं माझ्यातल्या मास्तरणीला वाटतं. त्यानंतरची मोठी उत्खननं १९८० च्या दशकातली. तोवर वर कुणी राहत नव्हतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मी घरी अरबी मुळाक्षरं गिरवायला बसले. ऑनलाइन शिकवणी, महिना आठशे रुपये, सात महिने. भाषा आली नाही, पण गावाचं नाव आणि आडनावं वाचता येऊ लागली, तेवढ्याने शोध दुप्पट झाला. १९४८ चा भाग याच दिवसांत वाचला. तो एका बैठकीत वाचवला नाही.

थोडक्यात असं. जुलै १९४८, रमजानचा महिना. इस्रायल स्थापन होताच अरबांशी पेटलेलं युद्ध चालू होतं. इस्रायली सैन्याची ‘देकेल’ मोहीम, देकेल म्हणजे खजुरासारखं ताडझाड. १५ जुलैला संध्याकाळी गावावर विमानातून बॉम्ब पडले. बहुतेक लोक हाताला लागेल ते घेऊन फळबागांत आणि उत्तरेकडे पळाले. गावातल्या हत्यारबंद लोकांनी थोडा प्रतिकार केला. १६ तारखेला गाव पडलं, त्याच दिवशी नाझरेथही. बरेच जण लेबनॉनला गेले. तिथल्या ऐन अल-हिल्वे छावणीत अजून सफ्फूरियाच्या लोकांची वस्ती आहे. काहीशे लोक हळूहळू परत येऊन आपल्या घरांत राहू लागले होते. जानेवारी १९४९ मध्ये त्यांनाही हलवलं, बहुतेकांना आसपासच्या गावांत. त्याच वर्षी तिथे त्सिप्पोरी हा मोशाव, म्हणजे सहकारी शेतीची वस्ती, उभी राहिली. रुमानिया आणि बल्गेरियाहून आलेल्या ज्यू कुटुंबांची. ही माणसंही युरोपातलं काय पाहून आली होती ते आपल्याला माहीत आहे. वहीत मी हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी लिहिले, आणि एकाने दुसरा खोडायचा नाही असं ठरवलं.

मला सगळ्यात जास्त अडकवलं ते १९५० च्या एका कायद्याने. गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा. जो आपलं गाव सोडून गेला, तो ‘गैरहजर’, त्याची जमीन सरकारी अभिरक्षकाकडे. पण जो सहा किलोमीटरवर नाझरेथला राहतो, त्या देशाचा नागरिक आहे, मतदान करतो, तोही त्याच्या जमिनीपुरता गैरहजर. अशांना ‘हजर-गैरहजर’ म्हणतात. चौतीस वर्षं मी हजेरी घेतली. ‘हजर बाई’ म्हणणाऱ्या मुलापुढे फुली मारायची, हा प्रकार समजायला मला दोन दिवस लागले.

नाझरेथमध्ये त्यांचा मोहल्लाच आहे, सफाफ्रा, म्हणजे सफ्फूरियावाले. कवी ताहा मुहम्मद अली तिथलेच, जन्म १९३१, सफ्फूरियात. नाझरेथला घोषणा-चर्चजवळ त्यांचं यात्रेकरूंसाठी भेटवस्तूंचं दुकान होतं. २०११ मध्ये ते वारले. त्याच बाजारातून मी २०१८ मध्ये बारा जपमाळा घेतल्या होत्या, घासाघीस करून.

आता पुन्हा जायलाच हवं होतं. या वेळी एकटीने. ऑक्टोबर २०२२ मध्ये तयारी धरली. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण, आणि ‘प्रवासाचा हेतू’ सांगणारं पत्र. पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्यात खूपच इतिहास झाला होता. शेवटच्यात चार ओळी: निवृत्त शिक्षिका, पूर्वी यात्रेला येऊन गेले, नाझरेथ आणि त्सिप्पोरी नीट बघायचंय. सगळं खरं आणि छोटं. सतरा दिवसांनी व्हिसा आला. विमान पन्नास हजारांच्या वर गेलं. त्यासाठी एक मुदतठेव मोडली, लेकीला नंतर सांगितलं.

फेब्रुवारी २०२३. विमानतळावर एकटी बाई बघून बाजूला बसवलं. तासभर. एकटी का? नाझरेथमध्ये कोण ओळखीचं? बॅगेत हे नकाशे कसले? मी ट्रेसिंग पेपर उलगडून दाखवला. ती मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान होती. तिने विचारलं, “हे तुम्ही हाताने काढलंत?” हो म्हटलं. सोडलं. घाबरू नका, पण थापा मारू नका. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून ठेवा, फोन बंद पडतो. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, छोटी निळी चिठ्ठी देतात. ती परत निघेपर्यंत जपा, हॉटेलवाले मागतात. आणि शुक्रवारी दुपारनंतर तेल अवीवला उतरू नका, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला की शनिवार संध्याकाळपर्यंत तिथून बसगाड्या जवळपास बंद.

टेकडीवर मी सकाळी नऊलाच पोहोचले. नाझरेथहून चालतही जाता येतं, ‘जीझस ट्रेल’ची पायवाट याच गावावरून कानाला जाते, खुणा नारिंगी-पांढऱ्या. पण सुरुवातीलाच चारशेवर पायऱ्या आहेत, आणि माझे गुडघे वसईच्या हवेत मुरलेले. टॅक्सी केली. उद्यानाचं तिकीट तीस शेकेलच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे सातशे रुपये.

या वेळी मोनालिसाकडे गेलेच नाही. नकाशा हातात धरून पाइनच्या बनात शिरले. ही झाडं ज्यू राष्ट्रीय निधीने लावलेली. त्यातला एक भाग ग्वाटेमालाच्या स्वातंत्र्यदिनाच्या स्मरणार्थ आहे असं वाचलं होतं. अर्धा तास नुसतीच पानं. मग फड्या निवडुंग दिसला. आपल्याकडे घाटावर कुंपणाला असतो तोच, पुरुषभर उंच. निवडुंग काढला तरी मुळापासून पुन्हा फुटतो, आणि कुणी उगाच रानात सरळ रेषेत लावत नाही. त्या रेषेने खाली गेले. दगडी बांध, मग तीन पायऱ्या. वर दार नाही, खाली वाट नाही, नुसत्या तीन पायऱ्या, मधली झिजून वाटीसारखी झालेली. माझ्या नकाशात तिथे घरांची दाट रांग होती. बसले त्या पायरीवर. डब्यातली भाकरी खाल्ली. जवळून शाळेची सहल गेली, मुलं हिब्रूत ओरडत गढीकडे धावत होती.

दुसऱ्या दिवशी सफाफ्रात. हॉटेलच्या मालकिणीने तिच्या ओळखीच्या एका आजोबांना फोन केला होता. पंच्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या नातीने इंग्रजीत सांगायचं, मी तिला विचारायचं. कॉफी झाली, डाळिंबाच्या रसाच्या काकवीची बाटली पुढे आली; सफ्फूरियाची डाळिंबं त्या भागात नावाजलेली होती. मी ट्रेसिंग पेपर पसरला. त्यांनी चष्मा बदलला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेन मागितलं आणि माझी एक वाट खोडली. म्हणाले, ही इथे नव्हती, ही झऱ्याकडे जायची, अल-कस्तलला, बाया पाण्याला याच वाटेने जायच्या.

मी गढीवर बोट ठेवून विचारलं, “तुम्ही या शाळेत होता?”

तिसरीपर्यंत, म्हणाले. वरचा मजला, खिडकीजवळची बाकं मोठ्या मुलांची. हिवाळ्यात वारा असा यायचा की पाटीवर बोटं चालायची नाहीत.

“तुमचे मास्तर कोण होते? नाव आठवतं?”

त्यांनी कपाळाला हात लावला. नातीने दोनदा विचारलं. नाही आठवत, म्हणाले. मग एकदम हसले, दोन्ही तळहात उलगडून माझ्यापुढे धरले आणि काहीतरी बोलले. नात लाजली, सांगायला तयार नव्हती. मी म्हटलं, सांग गं.

“आजोबा म्हणतात, नाव नाही, पण छडी आठवते. डाळिंबाच्या फांदीची होती. तुम्ही पण मास्तरीण ना, तुमची कशाची होती, विचारतायत.”

मी खरं ते सांगितलं. चिंचेची.